गाळलेली ओळ

सोमवार, ३ मार्च

माझ्या रागीट लेकीला आईचा मुका. गाल तू पुढे करायची नाहीस, म्हणून कपाळावर.

तुझं कार्ड आलं. पोस्टमन सायकलवरूनच ओरडला, "आजीबाई, चार वर्षांनी हं!" म्हणजे मेल्याने वाचलंच असणार. सहा ओळी आहेत, मी सोळा वेळा वाचल्या. तुझ्या पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन, जावईबापू जहाजावर, शेजारीण कुठवर पुरी पडणार, म्हणून भिंगरीला महिनाभर माझ्याकडे ठेवतेस. ऑपरेशनचं वाचून मटकन खाली बसले आणि भिंगरीचं वाचून नाचावंसं वाटलं. गुडघे नको म्हणाले म्हणून, नाहीतर नाचलेच असते. पोरगी दोन वर्षांची होती तेव्हा पाहिलेली, आता सहाची! तिच्यासाठी तुझीच जुनी खाट खिडकीशी ओढली आहे, एक पाय हलतो, खाली पाटीचा तुकडा सारलाय.

तुझी शेवटची ओळ, "सगळं लिहायचं, नुसतं बरं तेवढंच नाही," तीही वाचली गं. तुझे बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी तुला लिहीत राहिले की खोकला आहे, उतरेल. तुझ्या लेकीला दाढा येत होत्या, तुला कशाला घोर, असं वाटलं. तू आलीस तेव्हा त्यांना माती देऊन दोन दिवस झाले होते. तू पाणीसुद्धा न पिता दारातून परत गेलीस. त्यावर मी काय बोलू? यावेळी सगळं लिहीन. शपथ घ्यायची नाही असं प्रभूने सांगितलंय, म्हणून नुसतं होय म्हणते.

इथली बातमी ऐक. चर्च झाडायचं काम अजून माझ्याकडेच आहे. नवे पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांच्या गळ्यात तीन चर्चं, त्यामुळे इथे फक्त रविवारी येतात. मला म्हणाले, "बाकीचे दिवस मंदिर मुकं नको राहायला. तुम्ही रोज सकाळी बायबलचा एक अध्याय मोठ्याने वाचा." मी म्हटलं, "साहेब, मी दुसरी नापास. जुन्या पाळकीणबाईंनी पन्नाशीत अक्षरं गिरवून घेतली तेवढीच." तर म्हणतात, "देवाला घाई नाही." मग मी अगदी पहिल्या पानापासून सुरुवात केली. बोटाखाली शब्द धरून वाचते. ऐकायला कोण, तर फुटक्या काचेतून येणाऱ्या चिमण्या आणि एक खार. आदामाने सगळ्या जनावरांना नावं ठेवली ते वाचताना खार अशी मान वाकडी करून बसली होती, जणू हिचं नाव चुकलंय.

मागच्या आठवड्यात नोहाच्या जलप्रलयापर्यंत आले. पाणी ओसरलं, तारू टेकलं, आणि मग देव नोहाला सांगतो की यापुढे पशुपक्षी, सरपटणारे, मासे, सगळ्यांना तुमचा धाक राहील, तुमची भीती वाटेल, मी ते तुमच्या हाती दिलेत. मी बोट ठेवलं आणि मान वर केली. समोर चिमण्या. डोळे कसे काळेभोर! पाहुणे पाटावर बसलेले आणि यजमानाने त्यांच्या तोंडावर म्हणायचं की बघा बरं, तुम्ही आम्हाला भ्यायचं? मला ते काही जमेना. मी ती ओळ गाळली आणि सरळ धनुष्यावर गेले, ते ढगातलं, रंगीत. चिमण्यांना तेवढंच पुरे.

आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तो पायरीवर दोन ससे! पळाले नाहीत. माझ्या आधी आत गेले.

ऑपरेशनच्या दिवशी घड्याळ बघत प्रार्थना करीन. भिंगरीला पाठव.

तुझी आई

रविवार, ९ मार्च

लेकी,

भिंगरी शुक्रवारी पोचली. तुझी शेजारीण तिला बसने घेऊन आली, चहासुद्धा न घेता त्याच बसने परत गेली. आवारात सगळीकडे कावळे बसले होते आणि बाईला वाट देईनात, पायाशी तसेच बसून. तिला कसंतरीच झालं. भिंगरी मात्र म्हणाली, "आजी, हे सगळे मला घ्यायला आलेत?" मी म्हटलं, "मग काय मला?" किती गं तुझ्यावर गेलीय! हनुवटी तर तीच. दुधावरची साय तिलाही नको असते. रात्री पाय पोटाशी घेऊन झोपते, पूर्वी तू झोपायचीस तशीच.

ती रोज माझ्याबरोबर वाचनाला येते, पहिल्या बाकावर बसते. आता बाकं भरतात. ससे एका कोपऱ्यात, कोल्हा दुसऱ्या, त्यांच्यातलं अंतर काही ते सोडत नाहीत. खिडकीत घुबड. वेदीच्या पायरीवर एक लांब साप असतो, तो माझा झाडू लागला तरी सरकत नाही, मीच वळसा घालते. सगळे माझ्याकडे बघतात. वाचता वाचता मी अडले तर कुणी हलत नाही, वाट बघतात. पाळकीणबाईसुद्धा इतकं थांबायच्या नाहीत!

आज रविवार, पाळकसाहेब आले. आपण माणसं अकरा, बाकीचे ते. साहेब दारातच थबकले. आपले रिटायर मास्तर म्हणाले, "या साहेब, पहिल्यांदाच जागा मिळायची पंचाईत आहे, आणि तुमचा चेहरा का उतरला?" सगळे हसले. साहेबांनी घाम पुसत उपासना पुरी केली. आमेन म्हणताना पाहिलं मी, त्यांचं लक्ष सापाकडे होतं.

नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "आजी, तुम्ही यांना खायला घालता का?"

"वचन घालते," मी म्हटलं.

"नीट सगळं वाचता ना?"

मी म्हटलं, "माझ्या परीने." खोटं नव्हतं. पण गाळलेल्या ओळीचं काही सांगितलं नाही.

सृष्टी कण्हत वाट पाहते आहे असं ते नेहमी प्रवचनात सांगतात. मग तिची वाट संपली तर आनंदच मानायचा की नाही? तूच सांग. लहानपणी तू विचारायचीस, आई, पक्षी आपल्याला बघून का उडतात, आपण काय केलं? मला उत्तर यायचं नाही. आता कुणी उडत नाही गं. मी अंगणात धान्य निवडते आणि चिमणी सुपातच बसते.

आई

शुक्रवार, १४ मार्च

लेकी,

ऑपरेशन झालं, टाके आहेत पण ताप नाही, हे तुझ्या शेजारणीने मास्तरांच्या फोनवर कळवलं. देवाचे उपकार. मी स्टुलावर बसून रडले आणि भिंगरीने मला पदराने पुसलं.

सगळं लिही म्हणालीस, तर नाक्यावरच्या खाटकाचंही लिहिते. त्याने दुकान बंद ठेवलंय. परवा माझ्या ओट्यावर येऊन बसला. एवढा धिप्पाड माणूस, हात मांडीखाली दाबून बसलेला.

म्हणाला, "आजी, बोकड दोरीशिवाय आलं. आपणहून. मान माझ्या मांडीवर ठेवली."

"मग?"

"मग काय? वीस वर्षं धंदा करतोय. दर वेळी ते मागे ओढतं, मी पुढे ओढतो. त्या ओढाओढीत मनाला वाटतं की चला, बरोबरीची लढत झाली. हे असं माझ्या तोंडाकडे बघत बसल्यावर सुरी चालवू कशी?"

"नको चालवू."

"चालवली," तो म्हणाला. "शेवटपर्यंत बघत होतं."

चहा त्याने तसाच ठेवला.

बसचा ड्रायव्हरही कुरकुरत होता. ससे रस्त्यात बसतात. हॉर्न वाजवला तर कान हलवतात, जणू त्याने नावाने हाक मारली. पहिल्या दिवशी त्याने उतरून एकेकाला उचलून बाजूला ठेवलं. आता म्हणतो, किती उचलू, मलाही वेळेवर पोचायचं असतं. त्या रस्त्याने मी भिंगरीला नेत नाही.

तळ्यावर मासे काठाशी येऊन उभे राहतात, तोंडं वर करून. लोक बादल्यांनी नेताहेत. पहिले दोन दिवस हसत नेत होते, आता गप्पपणे नेतात.

बाकी सगळं बरं. भिंगरी खाते-पिते. तिला एक मोठं राखाडी कुत्रं भेटलंय, परसात खेळतात दोघं.

आई

बुधवार, १९ मार्च

लेकी,

दवाखान्यातून पेन्सिलीने लिहिलेली तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ: "कुत्रं कुणाचं?"

कुणाचं नाही. कुत्रं नाही ते.

रागावू नकोस. नाही, रागाव, तुझा हक्कच आहे, पण पुढचं वाच. मी पहिल्यांदा त्याला भर दुपारी पाहिलं, कपड्यांच्या दोरीपाशी. तुझ्या लेकीचा फ्रॉक वाळत होता, त्याची बाही हुंगत होतं. डोळे पिवळे, पाय लांब, आणि भिंगरी त्याच्या मानेच्या केसांची वेणी घालतेय! म्हणाली, "आजी, हा किती उंच आहे बघ." माझ्या हातातलं तांब्याभर पाणी सांडलं. पण पहिल्या धक्क्यानंतर मला काय वाटलं, खरं सांगू? आनंद. संदेष्ट्याने सांगून ठेवलंय ना, लांडगा कोकराजवळ राहील आणि लहान मूल त्यांना चालवील. मला वाटलं, ते दूर कुठे राजाच्या नगरात नाही, आपल्या परसात, दोरीखाली घडायला लागलं. सत्तरीला टेकलेल्या, चर्च झाडणाऱ्या बाईच्या परसात! मी तुला लिहिणार होते. पण तू काय म्हणशील ते कळत होतं, म्हणून कुत्रं लिहिलं.

आता त्यापुढचं. सोमवारी मी आपल्या शेळीचं करडू उचलून त्याच्याजवळ नेऊन बसवलं. मीच. वचनात असतं तसं चित्र पुरं व्हावं म्हणून. शेळी ओरडत होती, दोरी तोडायला बघत होती. ती त्याला भीतच होती गं, मी ऐकूनही ऐकलं नाही. लांडग्याने करडाकडे पाहिलं आणि तिथेच, माझ्या पायापाशी, खाल्लं. घाई नाही, गुरगुर नाही. माझ्याकडे एकदा वर बघितलं ते सुद्धा नुसतं, जसं जेवताना घरातल्या माणसाकडे बघतात.

भिंगरी रडली नाही. म्हणाली, "आजी, त्याला भूक लागली होती."

तेव्हा मला उमगलं. म्हणजे तो लांडगा वचनातला नव्हताच. तो जसा होता तसाच आहे. कोल्हा सशापासून लांब बसतो, शेळी लांडग्याला भिते, त्यांचं आपापसातलं काही म्हणजे काही बदललेलं नाही. फक्त माणसाचं भय गेलंय. मी भीती गाळली, भूक कुठे गाळली?

काठी घेऊन धावले. त्याने काठीकडे पाहिलं, हुंगलं आणि भिंगरीच्या मांडीवर डोकं ठेवलं. वनरक्षकाला बोलावलं, तो बंदूक घेऊन आला. म्हणाला, "पोरीला बाजूला करा." भिंगरीला ओढलं की लांडगा तिच्यामागे येतो, ती त्याच्या गळ्यात हात टाकते. असं पाच वेळा झालं. वनरक्षकाने बंदूक खांद्याला अडकवली, "माझ्याच्याने नाही होत," म्हणत निघून गेला.

काल लांडग्याने भिंगरीचा हात चाटला. मनगटापासून कोपरापर्यंत, सावकाश. आधी मी म्हटलं, माया. मग म्हटलं, म्हातारे, तू काय म्हणतेस ते तुला तरी कळतंय का?

आता पोर घरात आहे, दाराला कडी आहे. तो ओट्यावर बसलाय. खिडक्यांत बाकीचे. भिंगरी माझ्याशी बोलत नाही, काचेला गाल लावून बसते. काचेच्या पलीकडून तोही.

संध्याकाळी मास्तरांच्या फोनवरून पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ओळ गाळल्याचंही. त्यांनी ओळ कुठली ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "आजी, शास्त्र म्हणजे ताट नाही, आवडेल तेवढं वाढून घ्यायला."

मी म्हटलं, "ती ओळ मला शिक्षा वाटली, साहेब. बिचाऱ्यांना."

ते म्हणाले, "मलाही वाटायची. पण प्रलयाचं पाणी ओसरेपर्यंत देवाला माणूस पुरता कळला होता. त्या ओळीने तो कुणाला वाचवत होता, आपल्याला की त्यांना? तुमच्या तळ्यावर किती बादल्या गेल्या म्हणालात?"

मी फोन ठेवला. ओळ वाचायची तर सगळे ऐकायला हवेत. म्हणजे चर्चमध्येच.

आई

सोमवार, २४ मार्च

माझ्या लेकी,

तुझी मुलगी धडधाकट आहे. अंगावर एक ओरखडा नाही. हे पहिलं वाच, श्वास सोड, मग पुढचं.

शनिवारी सकाळी मी घंटा वाजवली. भिंगरीला मास्तरांच्या घरी कोंडून ठेवून आले होते, मास्तरीणबाई दाराशी बसल्या होत्या. सगळे आले. बाकांवर, बाकांखाली, खिडक्यांत, वेदीवर. एक हरीण तर बाप्तिस्म्याच्या भांड्यातलं पाणी पीत होतं. आणि मी पुस्तक उघडते तोच भिंगरी आली. फ्रॉक फाटलेला, मागच्या खिडकीतून उतरली होती. लांडगा तिच्याबरोबर. पहिल्या बाकावर दोघं बसली, शेजारी शेजारी, वाचन ऐकायला बसतात तशी.

मला पान सापडेना. तारू सापडलं, कबुतर सापडलं, पाणी ओसरलेलं सापडलं, ओळ सापडेना. मी जिथे बोट ठेवून पुढे गेले होते ती जागा मलाच दिसेना. इकडे लांडगा उठला. त्याने भिंगरीची बाही दातात धरली. हळूच, मांजर पिलाला धरतं तशी. आणि दाराकडे चालायला लागला. ती हसत त्याच्याबरोबर चालली. "आजी, तो मला घर दाखवतोय," म्हणाली.

ओळ सापडली. मी वाचायला लागले. आयुष्यात इतकं हळू कधी वाचलं नसेल. एकेक अक्षर काना-मात्रेसकट. मधल्या एका जोडाक्षरावर अडले, परत मागून सुरुवात केली. ती दोघं मधल्या बाकापर्यंत गेली. मी धावत जाऊन ओढू शकले असते का? मग दातातली बाही ओढली गेली असती, आणि बाहीत हात होता. म्हणून मी वाचत राहिले. धाक म्हटलं. भीती म्हटलं. कोण कोण ते एकेक म्हटलं, भूमीवरचे, आभाळातले, पाण्यातले. ती दोघं उंबऱ्यावर पोचली तेव्हा मी शेवटचे शब्द म्हटले, की हे सगळे तुमच्या हाती दिलेत.

आधी काहीच झालं नाही. हरणाच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं तेवढं ऐकू येत होतं.

मग सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. रोज बघायचे तसं नाही. तसं बघणं मी फक्त एकदा पाहिलंय, तुझे बाबा शेवटच्या दिवशी दाराकडे बघत होते तेव्हा. आणि मग सगळं उसळलं. चिमण्या काचांवर आपटल्या, बाकं उलटली, सशांनी एकमेकांना तुडवलं, साप वेदीखालच्या फटीत शिरायला धडपडत होता आणि मावत नव्हता. लांडग्याचे केस उभे राहिले. त्याने बाही सोडली, शेपूट पोटाशी घेतली, मागे मागे सरकत पायरीवरून पडला आणि पळत सुटला. एवढा मोठा जीव, कुईं कुईं करत.

चर्च रिकामं झालं. पिसं तरंगत होती. भिंगरी उंबऱ्यात उभी होती, दोन्ही हात मोकळे. मी "माझं सोनं!" म्हणत हात पसरून धावले.

इथपर्यंत लिहून मी काल सही केली होती. सगळं बरं झालं, लवकर ये, असं. आज सकाळी ते पान फाडलं. तुला सगळं हवंय ना?

भिंगरी मागे सरकली. मी एक पाऊल पुढे, ती दोन मागे. मी थांबले तर थांबायची, माझ्या हातांकडे बघत. मला वाटलं, घाबरलीय पोर, लांडगा गेला म्हणून, आवाजाने. होईल नीट. पण आज तिसरा दिवस. ती टेबलाखाली असते. मी ताट ठेवून परसात गेले की येऊन खाते, पावलाचा आवाज आला की अर्धा पाव टाकून परत आत. मास्तर आले, खाटीक आला, पाळकसाहेब काल येऊन जमिनीवर बसले, तिच्याशी गोड बोलले. सगळ्यांना तसंच. पाळकसाहेबांनी मला विचारलं, "ओळ वाचली तेव्हा ही कुठे होती?" मी म्हटलं, "उंबऱ्यावर, त्याच्याशेजारी." ती ओळ वाचली गेली तेव्हा देवाने पोरीला कुठल्या बाजूला मोजलं, माणसांच्या की जनावरांच्या, ते त्याला माहीत.

बोलत नाही. पण रडतही नाही, आणि अंग गरम नाही. पहाटे ती झोपेत असताना मी लांबून पाहिलं, पाय पोटाशी होते. तेवढ्यानेच बरं वाटलं गं मला. वेडी आहे तुझी आई.

डॉक्टर बुधवारी सोडणार म्हणतेस आणि तू थेट इकडेच येणार. ये. चार वर्षांनी तू या दारात येणार, याचा आनंद मला या सगळ्यातही होतोय, लाज वाटते पण होतोय. फक्त एवढं कर. बसमधून उतरलीस की हाक मारत धावत येऊ नकोस. दार उघडंच असेल. आत येऊन जमिनीवर बस, भिंतीला टेकून, टाके सांभाळून. हात मांडीवर ठेव, पसरू नकोस. तिच्याकडे बघू नकोस. ती आली तर आपणहून येईल. मी परसात असेन, तिला दिसणार नाही अशी उभी.

ती तुझ्या पोटची आहे, तुला भिणार नाही असं मला फार वाटतं. पण खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते, लेकी, तूही माणूसच आहेस.

आई